बंद शाळेच्या पटावरील मुले

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस खुले पत्र

महोदय,

शालेय शिक्षण विभागाच्या कागदपत्रांत 'समायोजन' हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. पट घसरला आणि पद उरले नाही की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो व त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. शाळाच बंद झाली की तिच्यातील मुलांचेही जवळच्या शाळेत समायोजन होते. पहिल्या समायोजनामागे सेवाज्येष्ठतेची यादी, हरकतींची मुदत, संघटनेचे निवेदन आणि प्रसंगी न्यायालयाचा दरवाजा उभा असतो. दुसऱ्यामागे शाळा सोडल्याचा दाखला आणि नव्या शाळेचे नाव, एवढेच असते. धरणग्रस्त, भूकंपग्रस्त, प्रकल्पग्रस्त अशा शब्दांची मराठीला वाण नाही, आणि प्रत्येक शब्दामागे कोणत्या तरी लढ्याने मिळवलेले हक्कही आहेत. परंतु शासनाच्या निर्णयाने ज्याची शाळा गेली त्या मुलाला प्रशासनाच्या भाषेत अद्याप नाव मिळालेले नाही. प्रस्तुत पत्रात अशा मुलांना 'शाळाविस्थापित' म्हटले आहे, कारण ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि या पत्राचा सगळा रोख नोंदीवरच आहे.

ही मुले थोडीथोडकी नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने 20 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी 'समूह शाळा', म्हणजे आसपासच्या अनेक लहान शाळा मिळून एके ठिकाणी चालणारी मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले, तेव्हा राज्यात अशा शाळा 14,783, त्यांतील विद्यार्थी 1,85,467 आणि शिक्षक 29,707 असल्याचे सांगण्यात आले होते. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. त्याआधी डिसेंबर 2017 मध्ये 10 पेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करून त्यांतील मुले जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय जाहीर झाला होता. मधल्या काळात आणि नंतरही, शाळा बंद करण्याचा विचार नाही अशी ग्वाही विभागाकडून वेळोवेळी मिळत राहिली. मात्र ग्वाही आणि परिपत्रक आलटूनपालटून येऊ लागले की वाडीवरचा पालक परिपत्रकावर विश्वास ठेवतो, आणि पुढच्या जूनची वाट न पाहता मुलाचे नाव काढून घेतो.

20 हा आकडा आला कोठून, हे सांगणे येथे आवश्यक आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याखाली राज्याने 2011 मध्ये केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी असे ठरले, आणि प्राथमिक शाळेसाठी 6 ते 11 वयोगटातील किमान 20 मुले उपलब्ध असावीत अशी अट घातली गेली. ही अट नवी शाळा उघडण्याची होती. चालू शाळा कोणत्या आकड्यावर बंद करावी याविषयीची ती अट नव्हती. दार उघडण्याचे माप दार लावण्यासाठी वापरले जाऊ लागले ते प्रशासनाच्या सवयीने, कायद्याच्या आज्ञेने नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 देखील लहान शाळांच्या अडचणी मोकळेपणाने मांडते, देशातील सुमारे 28 टक्के सरकारी प्राथमिक शाळांत 30 पेक्षा कमी मुले आहेत असे 2016-17 च्या आकड्यांवरून सांगते, आणि तरीही शाळांचे एकत्रीकरण अत्यंत विवेकाने, मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचण्यावर कोणताही परिणाम होणार नाही याची खात्री झाल्यावरच करावे, असे बजावते. त्या धोरणातील शाळा संकुलाची कल्पना, जिची मुळे कोठारी आयोगाच्या 1966 च्या अहवालात आहेत, शाळा आपापल्या जागी ठेवून ग्रंथालय, क्रीडाशिक्षक, प्रयोगसाहित्य वाटून घेण्याची आहे. समूह शाळा आणि शाळा संकुल हे शब्द सारखे वाटले तरी संकुलात साधने मुलांकडे जातात, समूह शाळेत मुले साधनांकडे जातात. आणि जाणाऱ्याचे वय सहा वर्षांचे असते.

समूह शाळेचे आदर्श म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही दोन नावे पुढे करण्यात आली. दोन्ही ठिकाणी चांगल्या इमारती व सोयी उभ्या राहिल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पानशेतला मुले बसने येतात आणि तोरणमाळची शाळा निवासी आहे. म्हणजे अंतराचा प्रश्न एका ठिकाणी इंधनाने सोडवला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मूल घरातून उचलून. इंधनाचा खर्च दरवर्षी येतो, पहिल्या वर्षाचा उत्साह आणि देणगी दरवर्षी येत नाही. आणि सात वर्षांचे मूल वसतिगृहात राहते तेव्हा त्याची किंमत कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायची, हे अंदाजपत्रकाला ठाऊक नसते.

पानशेतचे नाव यावे हाही एक योगायोगच. 12 जुलै 1961 ला फुटलेले धरण पुणे शहराच्या आठवणीत राहिले आहे, पण आंबी नदीच्या खोऱ्यात जलाशयाने उठवलेल्या गावांची आठवण शहराला सहसा होत नाही. अशा कोणत्याही धरणाच्या फुगवट्याकाठी नकाशावर दोन वस्त्यांमधले अंतर पट्टीने मोजले तर एक किलोमीटरही भरत नाही, आणि पायाने मोजले तर पाण्याला वळसा घालून ते कैक पटींनी वाढते. याला 'हवाई अंतर' म्हणतात, आणि शाळांच्या जवळपणाविषयीचे कागद बहुधा त्याच्यावरच चालतात. मूल मात्र हवेतून जात नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एखाद्या धनगरवाड्यातून पहिलीतले मूल जुलैच्या महिन्यात निघते ते डोक्यावर प्लास्टिकचा कागद किंवा घोंगडीची खोळ घेऊन. वाटेत ओढा असतो, त्यावर साकव असलाच तर त्याच्या फळ्या निसरड्या, आणि नसला तर वरच्या अंगाला पाऊस किती झाला यावर त्या दिवसाची शाळा ठरते. दहा वर्षांची बहीण सोबत असली तर मूल जाते. बहीण पाचवीत दुसऱ्या गावच्या शाळेत गेली की तेही घरी राहते. वाडीतली शाळा असताना हा हिशेब कोणी मांडत नव्हते, कारण शिक्षक ओढा ओलांडून येत होता. शाळा बंद करण्याच्या निर्णयाचे एका वाक्यातील वर्णन करायचे तर ओढा ओलांडण्याचे काम पगारी प्रौढाकडून काढून सहा वर्षांच्या मुलाकडे देणे, असे करता येईल.

यावर वाहतूक भत्त्याचे उत्तर दिले जाते. ज्या वस्तीजवळ शाळा नाही तेथील मुलांना समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला जास्तीत जास्त 6,000 रुपये वाहतूक भत्ता देता येतो. कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेचे किमान 200 दिवस धरले आहेत; त्या हिशेबाने दिवसाला 30 रुपये, जाण्याचे 15 आणि येण्याचे 15. डोंगरी भागात दोन-तीन मुलांसाठी रोज दोन खेपा करणारी जीप या दरात परवडत नाही. एसटीचा विचार केला तर ग्रामीण मुलींसाठी असलेली अहिल्याबाई होळकर मोफत प्रवास सवलत पाचवीपासून सुरू होते, आणि मानव विकास कार्यक्रमातील सायकली आठवीपासूनच्या मुलींना मिळतात. या योजना चांगल्या आहेत आणि त्यांनी अनेक मुलींना दहावी-बारावीपर्यंत नेले आहे. परंतु त्या ज्या काळात आखल्या गेल्या तेव्हा चौथीपर्यंतची शाळा गावात असते हे गृहीत होते. राज्याची सारी प्रवासव्यवस्था दहा वर्षांच्या पुढच्या मुलासाठी आहे, आणि बंद होणाऱ्या शाळा त्याच्या आतल्या वयाच्या आहेत.

शाळेबरोबर आणखी काही गोष्टी जातात, ज्यांची मोजदाद प्रस्तावात नसते. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. वाडीतील शाळा बंद झाली की ही समिती विसर्जित होते, आणि मूल ज्या मोठ्या गावच्या शाळेत जाते तेथील समितीत वाडीच्या बाईला जागा मिळेल असा कोणताही नियम नाही. पोषण आहार शिजवणारी बाई काम गमावते, आणि नव्या शाळेत खिचडी कोण शिजवते, पंगतीत कोण कोठे बसते हे प्रश्न नव्याने उभे राहतात, विशेषतः बंद झालेली शाळा दलित वस्तीतील, कातकरीवाडीतील वा पारध्यांच्या पालाजवळील असेल तेव्हा. सातपुड्यातील पाड्यावर पावरी किंवा भिलोरी बोलणारे मूल आणि मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल वाडीच्या शाळेत बहुसंख्य असते; तेच मूल मोठ्या शाळेत गेले की एका रात्रीत न समजणारे, म्हणून मंद ठरते. जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर केंद्रशाळेच्या कपाटात जाते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा काढावा लागतो तेव्हा हे रजिस्टर म्हणजे काय असते ते कळते. 2023 नंतर कुणबी नोंदींचा शोध घेणाऱ्या राज्याला तरी हे वेगळे सांगायला नको.

या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास आपल्याकडे शासनाने केलेला नसला तरी तो अन्यत्र झाला आहे, आणि त्याची दखल घेणे अप्रस्तुत नाही. अमेरिकेतील शिकागो शहराच्या शिक्षण मंडळाने मे 2013 मध्ये सुमारे 50 सरकारी शाळा एका ठरावाने बंद केल्या. कारण आपल्याकडचेच, इमारतीच्या क्षमतेच्या मानाने मुले कमी. सुमारे 12,000 मुले विस्थापित झाली, आणि त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय व गरीब घरांतील होती. प्रशासनाने तयारीत कसूर केली असे म्हणता येणार नाही: मुलांना स्वीकारणाऱ्या शाळा ठरवून दिल्या, त्यांना जादा पैसा दिला, टोळ्यांच्या हद्दी ओलांडून जाणाऱ्या मुलांसाठी वाटेवर चमकत्या जाकिटातील माणसे उभी केली. शिकागो विद्यापीठाच्या शालेय संशोधन केंद्राने या मुलांचा माग काढला. दहांतील नऊहून अधिक मुले बंद झालेल्या शाळेपेक्षा वरच्या श्रेणीच्या शाळेत गेली, असे 2015 च्या अहवालात दिसले. 2018 च्या अहवालातील निष्कर्ष मात्र असा होता की शाळा बंद होणार हे जाहीर झाले त्याच वर्षी, म्हणजे मुले अजून जुन्याच वर्गात बसत असताना, त्यांचे गुण घसरले, आणि गणितातील घसरण पुढे चार वर्षे भरून निघाली नाही. त्याच केंद्राने त्या शहरातील 2001 ते 2006 मधील शाळाबंदीचा अभ्यास करून 2009 मध्ये दाखवले होते की विस्थापित मुलांपैकी केवळ 6 टक्के मुलांना खरोखर उत्तम शाळा लाभल्या आणि लाभ झाला तो बहुतांशी त्यांनाच. समाजशास्त्रज्ञ ईव्ह यूइंग यांनी या बंदीवरील आपल्या 2018 च्या पुस्तकात शाळा गेल्यावर वस्तीला जो शोक होतो त्याला संस्थेच्या मृत्यूचा शोक मानले आहे. वाडीच्या शाळेत तीन पिढ्या शिकलेल्या माणसाला ही संकल्पना समजावून द्यावी लागणार नाही.

शिकागो आणि पानशेत यांत साम्य फार थोडे. तेथे मूल शहरातील रस्ता ओलांडते, येथे रान. तरी त्या अभ्यासातून एक गोष्ट निश्चितपणे उचलता येते: नुकसान घोषणेपासून सुरू होते. महाराष्ट्रात 2017 पासून हजारो शाळा 'बंद होणार' या छायेत आहेत, म्हणजे जे शिकागोतील मुलांनी एक वर्ष सोसले ते येथील काही शाळांतील मुलांनी सबंध प्राथमिक शिक्षणभर सोसले. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, शासन निर्णयाने ही छाया आणखी गडद केली. शाळा बंद न करताही शिक्षक काढून घेता येतो, आणि मग पालकच शाळा बंद करतात.

लहान शाळेची बाजू घेताना तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. चार मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही, आपल्या वयाचा सोबती मिळत नाही, चार इयत्ता एका खोलीत शिकवणारा शिक्षक ऑनलाइन माहिती भरण्यातच अर्धा दिवस घालवतो, आणि काही ठिकाणी तो दिवस शाळेत घालवतो की नाही हाही प्रश्न असतो. 2011 च्या ऑक्टोबरातील पटपडताळणीत राज्यभर लाखो मुले केवळ कागदावर आढळली होती, हेही विसरता येत नाही. काही शाळा खरोखरच एकत्र करण्याजोग्या आहेत: एकाच आवारातील दोन शाळा, किंवा रस्त्याच्या दोन अंगांना उभ्या असलेल्या मुलामुलींच्या वेगळ्या शाळा. तेथे हरकत कोणी घेणार नाही. परंतु बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एका शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवणे, हे शास्त्र आहे, आणि साताऱ्याच्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी साध्या खडूने जमिनीवर आखलेल्या साहित्यातून मुले स्वतः कशी शिकतात ते दाखवले, तेव्हा ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले होते. त्या वाटेने जाण्यासाठी प्रशिक्षण लागते. बस लागत नाही.

पट का घसरला याची चर्चा मात्र सोयीस्करपणे टाळली जाते. जन्मदर घटला, माणसे शहरांकडे गेली, ही कारणे खरी आहेत. त्यांच्या शेजारी 2012 चा स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा कायदाही ठेवला पाहिजे, ज्याने सरकारी मदतीशिवाय चालणाऱ्या खासगी शाळांना परवानगी सुलभ केली, आणि 2017 ची दुरुस्तीही, जिने कंपन्यांनाही शाळा काढण्याची मुभा दिली. पिवळी गाडी वाडीच्या फाट्यापर्यंत येऊ लागली की ज्याला परवडते तो मुलाला तिच्यात बसवतो. उरतात त्यांची मुले पटावर राहतात, आणि मग पट कमी म्हणून त्यांचीच शाळा उचलली जाते. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने राज्याने याला आणखी एक वळण दिले होते: 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर गरीब मुलांसाठी 25 टक्के जागा ठेवण्याचे बंधन राहणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी ती रद्द केली. जवळच्या सरकारी शाळेचा दाखला देऊन खासगी शाळेचे दार लावायचे आणि त्याच सुमारास सरकारी शाळा जवळ असण्याची गरज नाही असे प्रस्ताव मागवायचे, या दोन गोष्टी एकाच विभागातून निघाल्या, हे नमूद करण्यापलीकडे त्यावर भाष्य नको. छत्रपती शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. शाळाच उठवणाऱ्याला दंड ठेवण्याची वेळ येईल, हे त्या काळी कोणाच्या मनात आले नसावे.

महोदय, या पत्राची मागणी शाळा बंदच करू नयेत अशी सरसकट नाही. ज्या शाळेविषयी प्रस्ताव आहे तिच्या प्रत्येक मुलाचे घर ते नवी शाळा हे अंतर पायवाटेने, पावसाळ्यात, मोजले जावे. ते ग्रामसभेत, वाडीच्या लोकांसमोर, वाचून दाखवले जावे. वाहन देणार असल्यास ते किती वर्षांसाठी आणि कोणत्या निधीतून हे लेखी असावे. आणि नव्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आलेल्या वाडीच्या पालकांना जागा असावी. यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही. परंतु त्या सगळ्यांच्या आधीची एक गोष्ट आहे. शाळाविस्थापित मूल नव्या शाळेच्या पटावर चढते ते संगणकावरील एका नोंदीने, आणि त्या नोंदीत मूल प्रत्यक्ष वर्गात बसले की नाही हे दिसत नाही. सलग महिनाभर न आलेले मूल 'शाळाबाह्य' मानावे असे निकष सांगतो, पण नव्या शाळेलाही पट हवा असल्याने ते नाव सहसा काढले जात नाही. म्हणून बंद झालेल्या शाळांतील मुलांचा वेगळा माग ठेवावा लागेल, आणि तो ठेवणे अवघड नाही, कारण 'सरल' प्रणालीत 2015 पासून राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद आहे.

डिसेंबर 2017 च्या निर्णयाच्या वेळी त्या 1,300 शाळांत पहिलीत असलेले मूल एकही वर्ष न गळता शिकत राहिले असेल, तर 2027 साली ते दहावीच्या परीक्षेला बसेल. त्यांतील किती शाळा प्रत्यक्षात बंद झाल्या, किती मुले दुसऱ्या शाळेत पोहोचली, किती पाचवीनंतर दिसेनाशी झाली आणि त्यांत मुली किती, याची गाववार यादी आपल्या विभागाने प्रसिद्ध करावी, आणि ती प्रसिद्ध होईपर्यंत कमी पटाच्या एकाही शाळेविषयी नवा प्रस्ताव मागवू नये, ही विनंती.